डॉक्टरांचा व्हायवा

दर वर्षी जुलैमधला एक शनिवार-रविवार मी औंढ्याला जातो. औंढे हे माझं आजोळ. लोणावळ्याला अगदी खेटून, तालुका मावळ. एवढा पत्ता सांगावा लागतो, कारण पुण्यात 'औंढे' म्हटलं की समोरचा 'औंध ना? औंधला कुठे?' असं विचारतो आणि मराठवाड्यातला असेल तर औंढा नागनाथ समजून थेट हात जोडतो. असो.

जुलै अशासाठी की तेव्हा भातलावणी असते. मामाची चार खाचरं आहेत आणि त्यात उतरून माझा काडीचा उपयोग होत नाही हे सगळ्यांना पाठ आहे. मी आवणातली रोपं उपटायला घेतली की मामी म्हणते, "राहू दे, तू फोटो काढ." तरी जातो. पाच दिवस एसीत बसून दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधल्यावर गुडघाभर चिखलात उभं राहायला बरं वाटतं. हिंजवडीहून बाइक काढायची आणि भुशी डॅमला भिजायला निघालेल्या अख्ख्या पुण्यामधून वाट काढत जायचं. गाड्यांच्या त्या रांगेत आपण एकटेच कामाला चाललोय असा उगाच एक अभिमान वाटतो.

यंदा जरा वेगळं होतं. धाकटा मामेभाऊ एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या खानदानातला पहिला डॉक्टर. अजून व्हायचाय, पण ॲडमिशन मिळाल्याच्या दिवसापासून घरात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. मामासुद्धा म्हणतो, "डॉक्टर, म्हशीला पाणी दाव." तर हा डॉक्टर यंदा कॉलेजच्या चार मित्रमैत्रिणींना घेऊन आला होता, लावणी बघायला. तीन मुलगे, एक मुलगी. सगळे शहरातले. पहिला तास रील काढण्यात गेला, दुसरा पायाला जळू लागली म्हणून ओरडण्यात. तिसऱ्या तासाला मात्र मुलगी मामीशेजारी वाकून नीट रोपं लावायला लागली आणि ओळसुद्धा सरळ आली. माझी अजून येत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर आमची वरात बंगल्यावर गेली. औंढ्यात हल्ली शेतांपेक्षा बंगले जास्त आहेत की काय असं वाटतं. त्यातल्या एका मुंबईकराच्या बंगल्याची देखभाल मामा करतो, किल्ली त्याच्याकडेच असते. मालकाची परवानगी असते (असं मामा म्हणतो). गच्चीवरच्या पत्र्याखाली बसलो. पाऊस, धुकं, लांब एक्स्प्रेसवेवरून जाणारे दिवे. पोरांनी सॅकमधून बिअरचे कॅन काढले. मला विचारलं, मीही एक घेतला. खरं सांगायचं तर दुसराही घेतला. माझा तो नेम आहे. शुक्रवार किंवा शनिवार, दोन. रिलीज असेल तर तीन. सिगरेट ओढत नाही, त्यामुळे स्वतःला मी निर्व्यसनी कॅटेगरीत टाकलेलं आहे.

दोन मुलांनी सिगरेटी पेटवल्या. आता समोर चार-पाच भावी डॉक्टर, त्यातले दोघे धूर सोडतायत, म्हटल्यावर कोणालाही सुचेल तो विनोद मी केला. "काय हो डॉक्टर, पेशंटला काय सांगणार?"

"दादा, पेशंटला सांगायचं ते सांगणारच की," त्यातला एक म्हणाला. "आम्हाला तर सगळ्यात जास्त माहितीये."

"काय माहितीये? घेऊ का व्हायवा?"

"घ्या."

आणि खरंच, पोरं हुशार. तंबाखूत काय काय असतं ते घडाघडा म्हणून दाखवलं. नायट्रोसमाइन्स, पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन्स, कुठलं जीन बिघडतं, कुठल्या क्रमाने बिघडतं. फुप्फुस, तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, मूत्राशय, स्वादुपिंड... मी मोजायचं सोडून दिलं. सुपारीचं विचारलं तर तेही बरोबर. नुसत्या सुपारीनेसुद्धा तोंड उघडेनासं होतं आणि कॅन्सर होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी मनात पूर्ण मार्क दिले.

मग मी हातातला कॅन उचलला. "आणि याने?"

"लिव्हर," तिघे एकदम.

"लिव्हर म्हणजे?"

"सिरॉसिस. मग त्याच्यातून कॅन्सर होऊ शकतो. पण त्याला रोज ढोसावी लागते दादा, वर्षानुवर्षं. बिअरने काय होतंय."

"आणि रेड वाइन तर हार्टला चांगली," दुसरा म्हणाला. आमचा डॉक्टर गप्प होता. त्याच्या हातातला कॅन त्याने पायामागे सरकवला होता, तो मामाच्या धाकाने.

तेवढ्यात ती मुलगी बोलली. ती लिमका पीत होती. "तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं, ब्रेस्ट," तिने बोटांवर मोजलं. "सात. आणि बिअर, वाइन, व्हिस्की असला फरक नाही. इथेनॉल ते इथेनॉल. शरीरात त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते डीएनएची वाट लावतं."

"ब्रेस्ट?" दोघांनी एकदम विचारलं.

"हो. थोड्या प्रमाणातसुद्धा रिस्क वाढते."

मी लगेच मोबाइल काढला (इंजिनिअर माणूस, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही). तिचं बरोबर होतं. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, आयएआरसी. कुठल्या गोष्टीने माणसाला कॅन्सर होतो हे पुराव्यानिशी ठरवणं हे तिचं काम. पुरावा पक्का असेल तर ती गोष्ट गट १ मध्ये जाते. तंबाखू त्यात आहे, ॲस्बेस्टॉस आहे, २००४ पासून नुसती सुपारीही आहे. आणि दारू? ती १९८८ पासून आहे. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून. आणि ही बातमी मला औंढ्याच्या गच्चीवर, दुसरा कॅन अर्धा झाल्यावर कळत होती. पुढे २०२३ च्या जानेवारीत आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितलं की कॅन्सरच्या बाबतीत दारूची 'एवढी चालेल' अशी सुरक्षित पातळी दाखवता येत नाही. २०२० या एका वर्षात जगात दारूमुळे झालेल्या कॅन्सरचे रुग्ण साधारण सात लाख एक्केचाळीस हजार असावेत, असा एक अंदाजही प्रसिद्ध झालेला आहे.

मी कॅन फिरवून बघितला. आरोग्याला अपायकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका, असं लिहिलं होतं. कॅन्सर हा शब्द नव्हता. सिगरेटच्या पाकिटावर मात्र ते भयानक चित्र, पाकिटाचा पंच्याऐंशी टक्के भाग व्यापून. चित्रं २००९ मध्ये आली, एवढी मोठी झाली २०१६ मध्ये. म्हणजे पोरांचा दोष अर्धाच. जे डोळ्यांसमोर सतत धरलं ते त्यांना पाठ आहे, जे कोणी धरलंच नाही ते नाही.

"बरं, पुढचा प्रश्न," मी म्हटलं. मला आता चेव चढला होता. "पेशंट आला, तंबाखू खातो. काय करणार?"

"फाइव्ह ए," सगळे एका सुरात. हे त्यांना पीएसएमच्या पेपरला येतं म्हणे. विचारा, सल्ला द्या, त्याची तयारी बघा, मदत करा, पुन्हा भेटीला बोलवा. पाच पायऱ्या.

"छान. आजपर्यंत किती जणांना हे केलंय?"

कोणी बोललं नाही. ओपीडीत एवढी गर्दी असते, सर लोक केस बघत असतात, आम्ही मागे उभे असतो, हिस्ट्री घेताना 'ॲडिक्शन' म्हणून एक रकाना असतो त्यात 'टोबॅको प्लस' असं लिहितो... त्यांनी कारणं सांगितली ती खोटी नसावीत. आमच्याकडेही डॉक्युमेंटेशनचा रकाना असतो, आम्हीही त्यात 'डन' लिहितो.

"आणि मदत करा म्हणजे नेमकं काय करायचं?"

"निकोटिन गम वगैरे... काउन्सेलिंग..."

मुलीने शेजारच्याच्या हातातलं पाकीट घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं. चित्राखाली एक फोन नंबर छापलेला होता. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी, फुकट हेल्पलाइन. २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर असते. तो मुलगा गेली दोन वर्षं ते पाकीट दिवसातून चारदा खिशातून काढत होता. "अरेच्चा," एवढंच म्हणाला.

जगभरात हेच आहे, हे मी नंतर वाचलं. आरोग्य संघटना आणि अमेरिकेची सीडीसी यांनी २००५ पासून अनेक देशांत मेडिकल, डेंटल, नर्सिंग वगैरेच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांचं एक सर्वेक्षण केलं. भारतही त्यात होता. बहुतेक सगळी मुलं म्हणतात, हो, डॉक्टरने लोकांपुढे उदाहरण ठेवलं पाहिजे आणि सोडवायचं कसं याचं शिक्षण आम्हाला मिळालं पाहिजे. प्रत्यक्षात असं शिक्षण मिळालेली मुलं फार थोडी. आणि ओढणारी मुलं त्यांच्यातही आहेतच.

याच्या उलट एक गोष्ट मला फार आवडली. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी १९५१ मध्ये देशातल्या डॉक्टरांनाच पत्र पाठवून विचारलं, तुम्ही किती ओढता? चाळीस हजारांच्या आसपास डॉक्टरांनी उत्तर दिलं. मग हे दोघे नुसते वाट बघत बसले, कोण कशाने मरतंय ते टिपत. तीनच वर्षांत, १९५४ मध्ये, ओढणारे डॉक्टर फुप्फुसाच्या कॅन्सरने जास्त मरतायत हे दिसलं. डॉलसाहेब स्वतः ओढायचे. आधीच्या अभ्यासाचे आकडे यायला लागले तसे त्यांनी सोडून दिलं. स्वतःचाच डेटा बघून सवय बदललेला माणूस मी आमच्या क्षेत्रात तरी अजून पाहिलेला नाही.

पण आपल्याकडची गोष्ट याच्याही आधीची आहे. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांनी १९४४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने हजार केसेसचा आढावा छापला. पुढच्या वर्षी आणखी एक लेख, लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कॅन्सरवर. त्यात खालच्या ओठामागे तंबाखू-चुन्याची गोळी धरणाऱ्यांचा, बरोबर त्याच जागी होणारा कॅन्सर होता. म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी, इथे परळला बसून एक मराठी माणूस सांगत होता की बार जिथे भरता तिथेच होतं. सिगरेटचं नाव नाही त्यात. आपला प्रश्न धुराचा कमी आणि तोंडात धरण्याचा जास्त, हे तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे पावणेचार टक्क्यांच्या जरासे वर निघाले. आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के.

हे 'लावणारे' लक्षात ठेवा.

रात्री उशिरा घरी आलो. सकाळी सातला जाग आली ती वासाने. ज्यांचं आजोळ इकडे आहे त्यांना तो वास माहीत असेल. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची. मशेरी. लहानपणी मला तो वास म्हणजे सुट्टीचा वास वाटायचा. आजीच्या पदराला, उशीला, तिने दिलेल्या लाडूलाही तो असायचा.

बाहेर आलो तर दृश्य बघण्यासारखं होतं. पडवीच्या कडेला ओळीने चार भावी डॉक्टर ब्रश तोंडात घालून उभे, आणि त्यांच्याच ओळीत आमची आजी उकिडवी बसून डावीकडचे दात बोटाने घासतेय. वय अठ्ठ्याहत्तर. दहा मिनिटं घासते, मग थोडा वेळ तशीच तोंडात ठेवून अंगणाकडे बघत बसते. दुपारी जेवणानंतर एकदा, रात्री निजताना एकदा. ती लग्न करून औंढ्यात आली तेव्हा सासूने शिकवली, म्हणजे साठ वर्षं झाली.

कोणालाच त्यात काही दिसलं नाही. मला नाही, पोरांना नाही, आमच्या डॉक्टरला तर मुळीच नाही. तो त्याच वासात वाढलेला. रात्री एवढा व्हायवा घेणाऱ्या परीक्षकालाही दिसलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मुलीने चूळ भरली, आजीच्या शेजारी बसली. "आजी, हे काय लावताय?"

"मसेरी गं. लावतीस का? दात बग माजं, येक बी पडला न्हाई."

"मला दाखवा ना दात."

आजीने खुश होऊन आ केला. मुलीने मोबाइलचा टॉर्च लावला, मामीकडून चमचा मागितला आणि डावा गाल आतून जरा बाजूला केला. मग तिने काही न बोलता आमच्या डॉक्टरकडे बघितलं.

तो आला. वाकला. मीही वाकलो. खालच्या हिरडीच्या कडेने गालाकडे गेलेला एक पांढरा चट्टा होता, अंगठ्याच्या नखाएवढा, जरा सुरकुतलेला. मुलीने स्वच्छ कापसाने हलकेच पुसून बघितलं. गेला नाही.

"दुखतं का आजी? तिखट लागतं का?"

"थोडं झोंबतं. मसाल्याचं खाल्लं की. वय झालं, आता झोंबणारच की."

तिने कॅन्सर हा शब्द काढला नाही. "डाग आहे एक. दाखवून घेऊ आपण," एवढंच म्हणाली. आमचा डॉक्टर आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मी मागे गेलो तर गोठ्याजवळ उभा होता.

"दादा, ईएनटीची पोस्टिंग झालीये माझी," तो म्हणाला. "ल्युकोप्लाकियाचा फोटो पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते सांगू शकतो मी. तीन वर्षं दर रविवारी मी आजीसमोर बसून चहा पितोय."

मी काय बोलणार होतो? मी त्याच्याही आधीपासून पितोय.

सगळेच पांढरे चट्टे कॅन्सर होत नाहीत, थोडेच होतात, हे मुलीने आम्हाला नीट समजावलं. पण कुठला होईल हे डोळ्यांनी कळत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो. मग तिने मामाला विचारलं, घरात आणखी कोणाला काही झालं होतं का? मामा म्हणाला, न्हाई, कोणाला काय न्हाई. आणि मग थोड्या वेळाने, "आमचे बापू तेवढे गेले घसा धरून."

हे मी लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. आजोबा 'घसा धरून गेले'. आधी घास उतरेना, मग पाणी उतरेना. मला वाटायचं सर्दी-खोकल्यासारखं काहीतरी असणार. बिडी होती. संध्याकाळची हातभट्टीही होती. तिने दोन्हीचं विचारलं, वर्षं विचारली आणि मान हलवली. तंबाखू आणि दारू एकत्र असली की तोंडाच्या आणि घशाच्या बाबतीत धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. हे मला लगेच कळलं, आमच्या धंद्यातली भाषा आहे. आमच्या घरात मात्र इतकी वर्षं त्या आजाराचं नावच कोणी घेतलेलं नव्हतं.

आणि मामाला काही माहीत नाही असं समजू नका. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे हे त्याला माहीत आहे, बंदीनंतर पुडी कितीला झाली हेही माहीत आहे. "पवारसाहेबांचं तोंडाचं ऑपरेशन झालं, आपले आर. आर. आबा त्याच्यातच गेले २०१५ ला, समदं ठावं हाय आम्हाला," तो म्हणाला, तळहातावर चुना मळत. मग सगळे आपल्या हाताकडे बघतायत हे त्याच्या लक्षात आलं.

आता प्रश्न आजीचा होता. मशेरी बंद करा म्हटल्यावर ती हसलीच. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं, दात हलतील, आता किती दिवस राहिले माझे... पोरांनी रात्रीच्या फाइव्ह एमधले दोन ए वापरून पाहिले, तिसऱ्यालाच आजीने अडवलं. ती आमच्या डॉक्टरला म्हणाली, "आन् तुमी रातच्याला बंगल्यावर काय पीत व्हता? म्हातारी झोपली म्हंजी मेली न्हाई. त्या दोगांच्या तोंडाला वास येतोय अजून."

पडवीत शांतता. त्या दोघांनी ब्रश परत तोंडात घातले.

"तुजा आजा असाच गेला," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "त्याला म्या रोज सांगायची. तो मला म्हणायचा, तू तुजी डबी फेक, मग मी बाटली फेकतो. ना त्यानं फेकली, ना म्या."

मग मुलीनेच मार्ग काढला. "आजी, आज फेकू नका. आज फक्त दुपारची लावू नका. आणि मंगळवारी दवाखान्यात यायचं. बास." आजी तयार झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला पहिल्यांदा कोणीतरी झेपेल एवढं मागितलं होतं.

नंतर शोधताना मला एक जुना अभ्यास सापडला आणि जरा चरकलोच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरी फिरून लोकांची तोंडं तपासली होती. किती लोकांची? १,०१,७६१. निबंध छापला १९७२ मध्ये. एक लाखाहून जास्त माणसांना 'आ करा' म्हणून, एकेक गाल बाजूला करून, असले चट्टे मोजले. त्याच संस्थेच्या लोकांनी पुढे केरळातल्या एर्नाकुलमसारख्या ठिकाणी एकूण छत्तीस हजार तंबाखूवाल्यांना वर्षानुवर्षं भेटून समजावलं. तो अहवाल १९८६ चा. ज्यांना पुन्हा पुन्हा भेटून सांगितलं त्यांच्यात सोडणारे आणि कमी करणारे जास्त निघाले, आणि एर्नाकुलममध्ये नवे चट्टे येण्याचं प्रमाण चक्क बरंच घसरलं. औषध नाही, इंजेक्शन नाही. भेटणं आणि बोलणं. म्हणजे पाचवा ए, पुन्हा भेटीला बोलवा, तो पेपरात शेवटी येतो म्हणून पोरं बहुतेक वेळा लिहायचा विसरतात.

मंगळवारी मी रजा टाकली. (कारण 'फॅमिली मेडिकल' लिहिलं, मॅनेजरने अंगठा दाखवला, म्हणजे वरचा.) तळेगावला एका हॉस्पिटलात नेलं. आजी नवी नऊवारी नेसून आली होती. आमच्या डॉक्टरने लेक्चर बुडवलं आणि तिचा हात धरून आत गेला. तुकडा काढताना ती ओरडली नाही, त्याने मात्र तोंड फिरवलं, असं तिने बाहेर आल्यावर सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं सांगितलं.

रिपोर्टला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी ऑफिसात काय केलं ते मला विचारू नका, गिटमध्ये आहे. दहाव्या दिवशी डॉक्टरचा फोन. कॅन्सर नव्हता. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पहिल्या पायरीवर. माइल्ड डिस्प्लेशिया. मशेरी पूर्ण बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, वाढला तर काढून टाकू. "सुटलो दादा," तो म्हणाला आणि लगेच, "सुटलो म्हणजे, लक्ष ठेवायचं."

त्या गच्चीवरच्या दोघांपैकी एकाने सिगरेट सोडली म्हणतात. दुसऱ्याने ब्रँड बदलला. मामाने तंबाखू कमी केली आहे, निदान आमच्या डॉक्टरसमोर. मुलीने त्यांच्या कॉलेजात ओपीडीबाहेर बसून लोकांची तोंडं बघायची परवानगी मागितली होती, ती अजून फिरतेय, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

आणि आजी? तिने मशेरीची डबी फेकली नाही. मामीच्या ताब्यात दिली आहे, वरच्या फळीवर. त्या डबीवर ना चित्र आहे ना नंबर, जुना खोबरेल तेलाचा पत्र्याचा डबा तो. मिठाने दात घासते आणि मीठ अळणी झालंय अशी तक्रार करते. फोन वापरायला तिला आवडत नाही, पण आता दर रविवारी सकाळी ती मला फोन लावायला सांगते. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. सरळ विचारते, "काल किती?"

पहिल्या रविवारी मी म्हणालो, "शून्य." ती म्हणाली, "माजी बी शून्य."

दुसऱ्या रविवारीही शून्य-शून्य.

गेल्या शुक्रवारी टीममधल्या एकाचा सेंड-ऑफ होता. बाणेरला. सगळे ऑर्डर देत होते आणि माझ्यापाशी वेटर आला तेव्हा मी त्याला सात अवयव वगैरे काही सांगितलं नाही, एक बिअर सांगितली. ती प्यायलो. दुसरी नाही घेतली.

रविवारी फोन आला. खोटं बोलता आलं असतं. "एक," मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ नुसताच पाऊस ऐकू येत होता.

"मंग म्या बी आज येकदाच लावनार," ती म्हणाली. आणि मागे वळून मामीला हाक मारली, फळीवरचा डबा काढ म्हणून.